रेझ्युमेवरचे सल्ले आणि नेटवर्किंग: नोकरी शोधताना दोन्ही कसं सांभाळायचं

नोकरी शोधतोय असं चार जणांना सांगितलं की आठवड्याभरात रेझ्युमेवर चार मतं जमा होतात. एक म्हणतो एका पानात बसव, दुसरा म्हणतो दोन पानं हवीतच. एकाला सुरुवातीला स्वतःबद्दलचा परिच्छेद हवा असतो, दुसरा नेमका तोच खोडायला सांगतो. नवखा माणूस सगळ्यांचंच ऐकायला जातो, आणि महिन्याभराने हातात जो कागद उरतो त्यात तो स्वतः कुठेच दिसत नाही.

इथे रेझ्युमेवरचे सल्ले आणि ओळखी वाढवणं हे दोन विषय मुद्दाम एकत्र घेतले आहेत. ज्या माणसाला तुम्ही रेझ्युमे दाखवता, त्याच्याशीच तुमची कामाची ओळख सुरू होत असते. सल्ला कसा मागितला आणि मिळाल्यावर त्याचं काय केलं, यावर ती ओळख पुढे सरकते की तिथेच थांबते हे ठरतं.

आधी ठरवा: कुठलं काम

"कुठलीही नोकरी चालेल" असं म्हणणाऱ्याला कोणीही धड सल्ला देऊ शकत नाही. एक पद ठरवा, फार तर दोन. त्या पदाच्या दहा-बारा जाहिराती जमवा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. कोणती कौशल्यं, कोणती सॉफ्टवेअर, कोणत्या जबाबदाऱ्या पुन्हा पुन्हा येतात ते लिहून काढा. त्या यादीसमोर तीन रकाने करा: येतं, थोडं येतं, येत नाही. हे तासाभराचं काम आहे, पण त्यानंतर कोणताही सल्ला मोजायला तुमच्याकडे माप असतं. "हे टाक, ते काढ" असं कोणी म्हणालं की जाहिरातींच्या यादीकडे बघायचं.

दुसरी तयारी म्हणजे एक मूळ फाईल. तिच्यात सगळं लिहायचं: प्रत्येक काम, प्रोजेक्ट, तारखा, आकडे, वापरलेली साधनं, आणि त्या कामाबद्दल कोण सांगू शकेल त्याचं नाव. ही फाईल कोणालाही पाठवायची नाही. प्रत्येक अर्जासाठी तिच्यातून लागेल तेवढं उचलून वेगळी प्रत करायची. ही फाईल असली की सल्ल्याप्रमाणे एखादी ओळ काढताना जीव खालीवर होत नाही, कारण ती ओळ कुठेही जात नसते.

ओळी लिहिताना

रेझ्युमेतली बहुतेक वाक्यं पदाचं वर्णन करतात. त्या माणसाने काय केलं ते त्यातून कळतच नाही. "ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या" ही ओळ त्या खुर्चीवर बसलेला कोणीही लिहू शकतो. तीच अशी लिहून बघा: "रोज साधारण ४० तक्रारींना फोन आणि ईमेलवर उत्तरं दिली, वारंवार येणाऱ्या १२ प्रश्नांची तयार उत्तरं लिहिली, ती आता सगळी टीम वापरते." आता वाचणाऱ्याला विचारण्यासारखं काहीतरी मिळालं.

अनुभव नसलेल्यांचंही तेच. "प्रोजेक्टमध्ये सहभाग" याऐवजी "चार जणांच्या गटात माहिती गोळा करून तपासण्याचं काम माझ्याकडे, ६०० नोंदींतल्या दुबार नोंदी शोधायला पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला." विक्री किती वाढली, खर्च किती वाचला, असले आकडे प्रत्येकाकडे नसतात. पण किती लोकांबरोबर काम केलं, किती वेळा केलं, केवढ्या मुदतीत केलं, हे आकडे प्रत्येकाकडे असतात. ते खरे असले पाहिजेत, आणि मुलाखतीत "हा ४० कुठून आला?" असं विचारलं तर दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

समोरचा कसा वाचतो

रिक्रूटर, म्हणजे कंपनीसाठी माणसं निवडणारे, एका रेझ्युमेला सहा सेकंद देतात, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते लॅडर्स या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१२ मध्ये केलेल्या, नजरेचा माग काढणाऱ्या एका छोट्या पाहणीतून आलं. २०१८ मध्ये त्यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा आकडा ७.४ सेकंद निघाला. सेकंदांच्या हिशेबात अडकू नका. कामाची गोष्ट एवढीच, की पहिली नजर नाव, सध्याचं किंवा शेवटचं पद, ठिकाण, तारखा आणि शिक्षण यांवरून धावते आणि पुढे वाचायचं की नाही हे तिथे ठरतं. म्हणून या गोष्टी शोधाव्या लागता कामा नयेत.

याची चाचणी घरच्या घरी होते. रेझ्युमे एखाद्याच्या हातात द्या, दहा सेकंदांनी परत घ्या आणि विचारा: "मी काय काम करतो? कोणत्या नोकरीसाठी अर्ज करत असेन?" उत्तर चुकलं तर पहिल्या पानाचा वरचा भाग बदला. या चाचणीसाठी तुमच्या क्षेत्रातला माणूस लागत नाही, उलट बाहेरचा जास्त उपयोगी.

मशीनबद्दलही बरीच भीती पसरलेली आहे. मोठ्या संस्था अर्ज सांभाळण्यासाठी सॉफ्टवेअर वापरतात हे खरं. ७५ टक्के रेझ्युमे माणसाने बघायच्या आधीच मशीन फेकून देतं, असा आकडा त्याबरोबर फिरत असतो, पण त्यामागचा अभ्यास कोणी दाखवत नाही आणि तो बहुतेक वेळा रेझ्युमे-सेवा विकणाऱ्यांच्याच तोंडी असतो. अर्ज आपोआप बाद होतो तो बऱ्याचदा ऑनलाइन फॉर्ममधल्या हो-नाही प्रश्नांवर: काम करण्याचा परवाना आहे का, अमुक परीक्षा झाली आहे का, तमुक वर्षं अनुभव आहे का. तिथे घाईत चुकीची खूण केली तर उत्तम रेझ्युमेही कामाला येत नाही.

मशीनसाठी करायचं ते थोडकं आहे. दोन रकान्यांची मांडणी, टेक्स्ट बॉक्स, कौशल्यांचे रंगीत पट्टे आणि चित्रात बसवलेला मजकूर टाळा. फोन आणि ईमेल हेडर-फूटरमध्ये न ठेवता मुख्य मजकुरात ठेवा. पीडीएफ तयार झाली की त्यातला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे तो सरळ क्रमाने वाचता आला तर काळजीचं कारण नाही. कीवर्ड, म्हणजे कौशल्यांची आणि कामांची नावं, मात्र जाहिरातीतल्या शब्दांतच लिहा, अर्थात ते काम तुम्हाला खरोखर येत असेल तरच. पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

कोणाला विचारायचं आणि कसं

तीन प्रकारची माणसं लागतात. तुम्हाला हवं ते काम सध्या करणारा. त्या कामासाठी माणसं निवडणारा. आणि भाषा काळजीपूर्वक वाचणारा कोणीही. पहिला सांगेल की तुम्ही लिहिलेलं काम खरं वाटतं का आणि काय सुटलंय. दुसरा सांगेल की शंभर अर्जांच्या गठ्ठ्यात तुमचा कसा दिसेल. तिसरा चुका पकडेल. यांच्या भूमिका एकमेकांत मिसळल्या की गोंधळ होतो. शुद्धलेखन उत्तम जाणणारा माणूस तुमच्या क्षेत्रात प्रोजेक्ट आधी लिहावेत की शिक्षण, हे सांगायला लागला तर ते आदराने ऐका, पण त्यावरून कागद बदलू नका.

"जरा माझा रेझ्युमे बघता का?" या प्रश्नाला उत्तर येतं "चांगला आहे", आणि विषय संपतो. नेमकं विचारा, आणि सल्ला विचारा. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात सुमारे २०० जणांना नोकरीच्या अर्जाचं एक पत्र दाखवलं. काहींना त्यावर अभिप्राय मागितला, काहींना सल्ला. सल्ला मागितलेल्यांनी सुधारण्याच्या ३४ टक्के जास्त जागा दाखवल्या आणि सुधारण्याचे ५६ टक्के जास्त मार्ग सुचवले. अभिप्राय म्हटलं की माणूस झालेल्या कामाला गुण देतो. सल्ला म्हटलं की पुढे काय करता येईल याचा विचार करतो.

संदेश असा लिहिता येईल:

"नमस्कार. मी डेटा अॅनालिस्टच्या पहिल्या नोकरीसाठी अर्ज करतेय. सोबत एक जाहिरात आणि माझा एक पानाचा रेझ्युमे जोडला आहे. तुम्ही हे काम करता म्हणून दोनच गोष्टींवर सल्ला हवा होता: पहिला प्रोजेक्ट या कामाशी जोडलेला वाटतो का, आणि काय काढून टाकलं तर चालेल? पुढच्या शुक्रवारपर्यंत सवडीने दोन ओळी लिहिल्यात तरी मदत होईल."

जाहिरात जोडलेली, प्रश्न दोन, मुदत स्पष्ट, आणि त्यांनाच का विचारलं तेही सांगितलेलं. एका वेळी एकच प्रत तीन जणांना दाखवा, दहा जणांना नको. सगळी माणसं पहिल्या कच्च्या प्रतीवर खर्च झाली, तर सुधारलेली प्रत ताज्या नजरेने वाचायला कोणी उरत नाही.

उलटसुलट सल्ल्यांचं काय करायचं

मिळालेला सल्ला लगेच रेझ्युमेत घालू नका. आधी लिहून ठेवा: कोणी सांगितलं, काय सांगितलं, का सांगितलं. "का" माहीत नसेल तर विचारा. "दोन पानं कशासाठी हवीत?" असं नम्रपणे विचारलं की कधी पक्कं कारण मिळतं, कधी "आमच्याकडे तशीच पद्धत आहे" असं उत्तर येतं. दोन्ही उपयोगी आहेत, कारण दुसऱ्या उत्तराने तो सल्ला कुठपर्यंत चालतो ते कळतं.

मग निवड. चुकलेली तारीख, शुद्धलेखन, न उघडणारी लिंक या गोष्टी त्याच दिवशी दुरुस्त करायच्या. आवडीनिवडीचे सल्ले, म्हणजे फॉन्ट, रंग, छंद लिहावेत की नाही, बाजूला ठेवायचे. आणि मांडणीला किंवा मजकुराला हात घालणारा सल्ला असेल, तर एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांनी तीच जागा दाखवेपर्यंत थांबायचं. माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचं ते हे: वाचणारा जिथे अडखळतो ती जागा जवळजवळ नेहमी खरी असते. त्याने सुचवलेला उपाय मात्र तुम्हाला लागू पडेलच असं नाही. तिघांनी एकाच परिच्छेदावर तीन वेगळे उपाय सांगितले तर तो परिच्छेद नीट नाही एवढं नक्की. उपाय तुमचा तुम्ही शोधा.

पानांचा वाद थोडक्यात: नवख्याला आणि थोड्या वर्षांचा अनुभव असलेल्याला एक पान पुरतं, जास्त अनुभवाला दोन. संशोधन आणि अध्यापनातल्या पदांसाठीचा सीव्ही याहून लांब असतो, कारण त्यात प्रकाशनांची यादी येते. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती यांच्या रीती देशागणिक बदलतात. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये फोटो लावत नाहीत, जर्मनीत तो बरीच वर्षं रूढ आहे. ज्या देशात अर्ज करताय तिथली रीत तिथे काम करणाऱ्यालाच विचारा.

काही सल्ले कितीही आपुलकीने दिलेले असले तरी घ्यायचे नाहीत. पदाचं नाव फुगवणं, मधला रिकामा काळ झाकायला तारखा ताणणं, न केलेला कोर्स लिहिणं. निवड झाल्यावरच्या पडताळणीत हे उघड होतं आणि हातात आलेली नोकरी जाते. रिकाम्या काळाबद्दल एक सरळ ओळ पुरते: "कुटुंबातल्या आजारपणामुळे आठ महिने विराम, त्या काळात अकाउंटिंगचा कोर्स पूर्ण." नोकरीची हमी देऊन आधी पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

एआयकडून रेझ्युमे लिहून घ्यायचा का, हे हल्ली प्रत्येक जण विचारतो. वाक्य छोटं करायला, चुका काढायला, जाहिरातीशी ताडून पाहायला जरूर वापरा. पण सगळा मजकूर त्याच्यावर सोपवला तर तो इतर शेकडो अर्जांसारखाच वाचला जातो, आणि तुम्ही न केलेली कामंही त्यात शिरतात. प्रत्येक आकडा आणि प्रत्येक दावा स्वतः तपासा.

ओळखी: कोणाकडे जायचं

नवखी माणसं जवळच्या मित्रांना सांगून थांबतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरातल्या लोकांना नोकरी कशी मिळाली याची माहिती दिली आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांना त्या ओळखीच्या माणसाशी नेहमी भेट व्हायची असे फक्त १६.७ टक्के होते. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून भेट व्हायची आणि २७.८ टक्क्यांची क्वचित, म्हणजे वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. कारण सरळ आहे: जवळच्या मित्रांना जे माहीत असतं ते बहुधा तुम्हालाही माहीत असतं. लांबचा ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते.

२०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या २ कोटींहून अधिक लोकांवरच्या प्रयोगांचा अभ्यास आला. नोकरी बदलायला सर्वात जास्त उपयोग मध्यम विरळ ओळखींचा झाला. अगदीच नावापुरत्या ओळखी तितक्या कामाच्या ठरल्या नाहीत. म्हणून अनोळखी लोकांना रोज पन्नास रिक्वेस्ट पाठवण्यापेक्षा जुने वर्गमित्र, शिकवलेले शिक्षक, इंटर्नशिपमधले सहकारी, शेजारच्या विभागात बसणारे, एखाद्या कार्यशाळेत भेटलेले, अशी तीस-चाळीस नावं आठवून लिहिणं जास्त फळतं.

विचारायचा संकोच वाटतोच. फ्लिन आणि लेक या दोन संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की मदत मागणारी माणसं समोरच्याच्या होकाराची शक्यता फारच कमी धरतात. अनोळखी माणसाला प्रश्नावली भरायला सांगणं, फोन वापरायला मागणं अशा साध्या विनंत्या होत्या, आणि विचारणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी लोकांना विचारून काम झालं. नोकरीबद्दल बोलायला वेळ मागणं याहून मोठी विनंती आहे, पण नकाराची भीती इथेही अशीच फुगलेली असते.

पहिलं बोलणं

वीस मिनिटं मागा, आणि वीसच घ्या. नोकरी शोधताय हे लपवू नका. लपवलं की समोरच्याला ते नंतर कळतं आणि बरं वाटत नाही. पण पहिल्याच संदेशात "तुमच्याकडे माझं काम करा" असंही नको, कारण तुमचं काम न पाहिलेल्या माणसाला त्यावर नाही म्हणण्याशिवाय पर्याय उरत नाही.

विचारण्यासारखे प्रश्न: तुमचा कामाचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो? नवीन माणूस पहिल्या सहा महिन्यांत कुठे अडतो? माझ्या जागी असता तर आधी काय शिकला असता? कंपनीच्या संकेतस्थळावर मिळेल ते विचारू नका. शेवटी एक प्रश्न नक्की विचारा: "या विषयावर आणखी कोणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं, आणि तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?" यादी इथूनच वाढते.

दुसऱ्या दिवसापर्यंत आभाराचे दोन शब्द पाठवा, त्यात बोलण्यातली एक नेमकी गोष्ट असू द्या. आणि तीन-चार आठवड्यांनी कळवा की सल्ल्याचं काय झालं: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे दुसरा प्रोजेक्ट वर आणला, मागच्या आठवड्यात त्यावरूनच मुलाखतीत प्रश्न आले." हा दुसरा संदेश फार थोडी माणसं पाठवतात. सल्ला वाया गेला नाही हे ज्याला कळतं, त्याला पुढची जागा निघाली की तुमचं नाव आठवतं. सल्ला पटला नसेल तर तसंही सांगता येतं: "विचार केला, पण या पदासाठी एक पानच ठेवलं. शीर्षकाबद्दलची तुमची सूचना मात्र घेतली."

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा. त्यानंतर सोडून द्या. ते नाव यादीत राहू दे, मनात राग नको.

रेफरल मागताना

कोणी तुमचं नाव आत सुचवतो तेव्हा त्याचा स्वतःचा शब्द पणाला लागतो. म्हणून असं विचारा: "माझं काम पाहून मला सुचवणं तुम्हाला योग्य वाटतं का? नसेल तर निःसंकोच सांगा." होकार आला की त्याला काही शोधावं लागू नये. जाहिरातीची लिंक किंवा क्रमांक, त्याच पदासाठी बनवलेली पीडीएफ, आणि त्याला जशाच्या तशा पुढे पाठवता येतील अशा तीन ओळी द्या. स्वतः अर्ज करण्याआधी विचारा. बऱ्याच कंपन्यांत आधी थेट अर्ज केलेला असला तर नंतरचं रेफरल नोंदलं जात नाही.

नोंदवही आणि दुरुस्ती

एक साधी एक्सेल शीट पुरते: नाव, ओळख कुठली, शेवटचं बोलणं कधी, काय ठरलं, पुढचा संदेश कधी. अर्जांची वेगळी शीट ठेवा आणि त्यात रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली तेही लिहा. मुलाखतीला बोलावणं आलं आणि समोरच्याच्या हातात कोणती प्रत आहे हेच आठवलं नाही, तर पंचाईत होते.

ही नोंद महिन्याभराने वाचा. अर्ज जातायत आणि मुलाखती येत नाहीत, तर रेझ्युमे, पदाची निवड किंवा फॉर्ममधली उत्तरं तपासा. मुलाखती येतायत आणि पुढे काही होत नाही, तर रेझ्युमेचं काम झालेलं आहे. त्याला हात लावू नका, मित्राला समोर बसवून मुलाखतीचा सराव करा. दोन्ही नीट चाललंय पण जागाच निघत नाहीत, तर वेळ ओळखींकडे वळवा. बहुतेक जण या तिन्ही वेळी रेझ्युमेच पुन्हा लिहायला बसतात, कारण ते काम एकट्याने करता येतं.

नकार आला तरी एक छोटं उत्तर पाठवा: वेळ दिल्याबद्दल आभार, पुढे जागा निघाली तर कळवा. निवडलेला माणूस कधी रुजूच होत नाही, आणि तेव्हा यादीतल्या पुढच्या नावाला फोन जातो.

नोकरी मिळाली की शीटमधल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात कळवा, ज्यांच्याकडून काहीच झालं नाही त्यांनाही. आणि पहिल्या महिन्यापासून मूळ फाईल भरायला लागा: काय केलं, किती केलं, कोणी पाहिलं. दोन वर्षांनी हे आकडे आठवून लिहिता येत नाहीत.